मिरगाआधी घराची डागडुजी

मुंबईत मान्सून दाखल होण्याची हवामान खात्याची सर्वसाधारण तारीख ११ जून. पण २०२५ साली तो २६ मेलाच आला आणि ‘महिनाअखेरीस मिस्त्री बोलावू’ म्हणणाऱ्यांची पंचाईत झाली. म्हणून बाहेरच्या भिंती, खिडक्या आणि गच्चीची कामं १५ मेच्या आत उरकायची, असंच धरून चाला. सिलिकॉन, क्रॅक फिलर, वॉटरप्रूफ रंग यांतलं काहीच ओलसर भिंतीला नीट धरत नाही. पहिल्या सरीनंतर घाईघाईने लावलेला माल श्रावणात पोपड्यांसकट हातात येतो.

सुरुवात पश्चिम आणि नैऋत्येकडच्या खिडक्यांपासून करा, झड तिकडूनच येते. स्लायडिंग खिडकीतून पाणी आत आलं की लोक आधी सिलिकॉनची ट्यूब आणतात. त्याआधी ट्रॅक बघा. ट्रॅकच्या बाहेरच्या कडेला, अगदी तळाशी, दोन-तीन बारीक भोकं असतात. काचेवरून ओघळलेलं पाणी ट्रॅकमध्ये उतरणारच, ते बाहेर जाण्यासाठी ही सोय. धूळ, कबुतरांची पिसं आणि मागच्या रंगकामाचे थेंब यांनी ती बुजतात. मग पाणी ट्रॅकमध्ये साचतं आणि वाऱ्याचा जोर वाढला की आतल्या कडेवरून थेट सोफ्यावर.

सरकती दारं उचलून काढा (वरच्या मजल्यावर हे एकट्याने करू नका, काच जड असते). जुन्या टूथब्रशने ट्रॅक घासा, भोकांतून सायकलच्या स्पोकसारखी ताठ तार फिरवा. मग एक तांब्या पाणी ट्रॅकमध्ये हळूहळू ओता. मिनिटभरात ते बाहेर पडलं पाहिजे. तीन ट्रॅकची खिडकी असेल तर मधल्या पट्ट्यांनाही भोकं आहेत ना ते पाहा. नसतील तर पाणी आतल्याच ट्रॅकमध्ये कोंडतं. अ‍ॅल्युमिनियमवाल्याकडून तळाला लागून भोकं पाडून घ्या, दहा मिनिटांचं काम आहे. आणि ही भोकं कुणाला सिलिकॉनने बुजवू देऊ नका. ‘फट दिसली, भरून टाकली’ हा उत्साह खूप महागात पडतो. दाराच्या कडेची लोकरीसारखी पट्टी झिजून सपाट झाली असेल तर तीही आत्ताच बदला.

तांब्याची परीक्षा पास होऊनही पाणी येत असेल, तर फट चौकट आणि भिंत यांच्यामध्ये आहे. इथे सिलिकॉनचं काम. दुकानात ‘न्यूट्रल’ सिलिकॉन मागा. स्वस्तातल्या ट्यूबला व्हिनेगरसारखा वास येतो. ते काचेला छान धरतं, पण सिमेंट आणि मार्बलवरून वर्ष-दोन वर्षांत सुटतं. ६ मिमी रुंद आणि तेवढीच खोल फट असेल तर २८० मिलिची ट्यूब साधारण साडेसात मीटर पुरते. ४ बाय ४ फुटांच्या खिडकीचा घेर पाच मीटरच्या आत, म्हणजे दोन खिडक्यांना दोन ट्यूब आणून ठेवा.

जुनं सिलिकॉन कटरने पूर्ण काढा, कारण जुन्यावर नवं चिकटत नाही. बहुतेक कामं इथेच फसतात. फट ब्रशने झाडून कोरडी करा, चौकटीची कड स्पिरिटने पुसा, दोन्ही बाजूंना मास्किंग टेप लावा. नोझल तिरकं कापा आणि न थांबता एका दमात भरा. साबणाच्या पाण्यात बुडवलेल्या बोटाने दाबत न्या, आणि सिलिकॉनवर साय धरायच्या आत, साधारण पाच मिनिटांत, टेप ओढून काढा. २४ तास पाणी लागू देऊ नका. हे सगळं बाहेरच्या बाजूने व्हायला हवं. आतून भरलं तर पाणी भिंतीतच अडतं आणि खालच्या घरात उतरतं. चौथ्या मजल्यावरून ग्रिलबाहेर लोंबकळून हे करायचं नाही. झुल्यावर काम करणारी माणसं मिळतात.

भिंतीवर ओल दिसते तिथेच पाणी शिरतं असं नसतं. ते प्लास्टरच्या आतून दोन-चार फूट सरकून कुठेतरी डोकं वर काढतं. म्हणून आधी ओल नक्की भिंतीतली आहे का ते तपासा. फूटभर पारदर्शक प्लास्टिक चारी बाजूंनी टेप लावून भिंतीवर चिकटवा. दुसऱ्या दिवशी प्लास्टिकच्या आत थेंब असतील तर पाणी भिंतीतून येतंय. थेंब बाहेरच्या अंगाला असतील तर खोलीतल्या दमट हवेचे. उगम शोधायला बाल्कनीतून पाइपने फवारा मारा, पण खालून वर जात. आधी खिडकीखालचा भाग दहा मिनिटं, मग चौकट, मग छज्जा. वरून सुरू केलंत तर पाणी सगळीकडून ओघळतं आणि काहीच कळत नाही.

छज्ज्यावर पिंपळाचं रोपटं दिसलं तर नुसतं छाटू नका, पुन्हा फुटतं. बोटाएवढं असतानाच मुळासकट उपटा आणि भोक पॉलिमर मिसळलेल्या सिमेंटने बंद करा.

गच्चीवर जाळ्या काढून पावसाळी पाइपांची तोंडं मोकळी करा. मग प्रत्येक तोंडापासून लांब पाच-सहा बादल्या पाणी ओता. दुसऱ्या दिवशीही डबकं दिसलं तर ढाळ बिघडलाय. स्लॅब आणि कठडा मिळतात तिथला गोलवा, ज्याला मिस्त्री ‘वाटा’ म्हणतात, तो सुटलाय का पाहा. शेवटच्या मजल्याची गळती बऱ्याचदा तिथूनच येते. डिश अँटेना बसवताना कोब्यात (स्लॅबवरच्या वॉटरप्रूफ थरात) पाडलेली भोकंही तपासा. गच्चीतून झिरपणाऱ्या पावसाच्या पाण्याची दुरुस्ती आणि त्यामुळे खराब झालेलं शेवटच्या मजल्याचं छत, हा खर्च गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींनुसार सोसायटीचा. सेक्रेटरींना लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या. जिन्यात भेटून सांगितलेलं गणपतीपर्यंत विसरलं जातं.

विजेचं एकच, पण चुकवू नका. फ्रिज आणि कॉम्प्युटर बंद करून आरसीसीबीचं, म्हणजे करंट गळू लागला की वीज तोडणाऱ्या सुरक्षा-स्विचचं, ‘टेस्ट’ बटण दाबा. स्विच लगेच पडला पाहिजे. नाही पडला तर आजच इलेक्ट्रिशियन. पावसात तो सारखा पडत असेल तर सगळे एमसीबी (प्रत्येक लाइनचे छोटे स्विच) खाली करा, आरसीसीबी चढवा आणि एमसीबी एकेक करून वर घ्या. ज्याला पडेल त्या लाइनमध्ये ओल. बहुधा बाल्कनीचा दिवा नाहीतर एसीचा बाहेरचा पॉइंट निघतो. सगळे खाली असतानाही पडत असेल तर दोष न्यूट्रलमध्ये असू शकतो, तिथे आपण हात घालायचा नाही.

एसीची पाण्याची नळी सलग उतरती हवी, मध्ये कुठे झोल नको. भिंतीतलं भोक बाहेरच्या बाजूला कललेलं असावं, नाहीतर नळीवरून पावसाचं पाणी घरात येतं. कुंड्यांखालच्या ताटल्या काढूनच ठेवा. ठेवायच्याच असतील तर आठवड्यातून एकदा कोरड्या करा, डेंग्यूच्या डासाला तेवढे दिवस पुरतात.

राहिलं लाकडी दार. जुलैत ते फुगून अडकतं, आणि लगेच सुताराकडून रंधा मारून घेतला तर जानेवारीत तिथे बोटभर फट पडते. मे महिन्यात दार बिजागऱ्यांवरून उतरवा आणि वरच्या-खालच्या कडा बघा. रंगारी तिथे ब्रश फिरवतच नाहीत, आणि लाकूड पाणी पितं ते नेमकं तिथूनच. प्रायमरचा एक आणि ऑइल पेंटचे दोन हात द्या, आणि प्रत्येक हात रात्रभर वाळू द्या.