भूतानची बॅग भरण्याआधी

सुरुवात कपाटातल्या कागदांपासून करा. भूतानला जायला आपल्याला व्हिसा लागत नाही, पण आधार कार्डावरही प्रवेश मिळत नाही. किमान ६ महिन्यांची मुदत शिल्लक असलेला पासपोर्ट किंवा मतदार ओळखपत्र हवं. मुलांचा पासपोर्ट नसेल तर मूळ जन्मदाखला. घरातल्या ज्येष्ठांची मतदार कार्डं आजच काढून बघा. आमच्या गटातल्या एका काकूंचं कार्ड माहेरच्या नावाचं निघालं आणि ते कळलं निघायच्या आदल्या आठवड्यात. त्या आठवड्यातली धावपळ कुणाच्या वाट्याला येऊ नये.

मग पैसे. भारतीयांना दर माणशी दर रात्री १२०० रुपये शाश्वत विकास शुल्क भरावं लागतं, ६ ते १२ वर्षांच्या मुलांना त्याच्या निम्मं. हॉटेल आणि गाडीचा खर्च यात धरलेला नसतो, त्यामुळे चौघांच्या कुटुंबाने हा आकडा आधीच बजेटमध्ये मांडावा. मला हे शुल्क योग्य वाटतं. देशाचा किमान ६० टक्के भाग कायम जंगलाखाली राहील असं ज्यांनी २००८ च्या राज्यघटनेत लिहून ठेवलंय, त्यांनी पाहुण्यांकडून त्या जंगलाच्या राखणीचा वाटा मागितला तर तो आनंदाने द्यावा. नियम आणि दर अधूनमधून बदलतात, म्हणून तिकीट काढण्याआधी सरकारी संकेतस्थळ एकदा पाहाच. तिथलं चलन न्गुलत्रुम, आणि त्याची किंमत आपल्या रुपयाइतकीच. रुपये सर्रास चालतात, तरी १०० च्या नोटांचा गठ्ठा जवळ असला की बरं पडतं. घड्याळ अर्धा तास पुढे करायचं. बागडोगऱ्याच्या विमानतळावर उतरून जयगावमार्गे फुन्शोलिंग या सीमेवरच्या गावाच्या कमानीतून आत जाणार असाल तर हा अर्धा तास परवान्याच्या रांगेत फार मोलाचा ठरतो.

कपडे निवडताना दोन गोष्टी ध्यानात घ्या. राजधानी थिंफू आणि पारो २३०० मीटरच्या आसपास, पुनाखा त्याहून हजारेक मीटर खाली, तिथे भातशेती आणि ऊन. एकच जाड कोट नेण्यापेक्षा एकावर एक घालता येतील असे तीन थर न्या. दुसरं, 'झोंग' म्हणजे एकाच वेळी किल्ला, मठ आणि सरकारी कचेरी. तिथे पूर्ण बाह्या आणि पूर्ण पाय झाकणारे कपडे लागतात, टोपी काढायची, आणि आतल्या देवळांत पादत्राणं बाहेर ठेवायची. लाकडी जमीन इतकी गार असते की पावलं बधिर होतात. जाड मोजे, निदान तीन जोड.

इथवरची यादी कुणीही देईल. माझा खरा आग्रह पुढच्या तयारीचा आहे, आणि तिला बॅगेत जागा लागत नाही. भूतानची राष्ट्रचिन्हं नाण्या-नोटांपुरती उरलेली नाहीत. लोक ती अंगावर घालतात, मैदानात खेळतात, ताटात वाढतात. ती आधी ओळखीची करून घेतली नाहीत तर समोर असूनही दिसत नाहीत. पहिल्या खेपेला माझं तसंच झालं होतं. डोंगर आणि देवळं पाहून मी परत आले, माणसं पाहायची राहिली. दुसऱ्या खेपेला तीच गावं वेगळी वाटली.

म्हणून निघण्याआधी एका संध्याकाळी मुलांना घेऊन बसा आणि त्यांच्याकडून झेंडा काढून घ्या. कोपऱ्यातून कोपऱ्यात तिरका दुभागलेला, वर पिवळा, खाली नारिंगी. पिवळा राजाच्या सत्तेचा, नारिंगी बौद्ध परंपरेचा, आणि दोन्हींवर पसरलेला पांढरा ड्रॅगन, पंजांत रत्नं घट्ट धरलेला. हा ड्रॅगन म्हणजे मेघगर्जना. लोक आपल्या देशाला 'द्रुक युल' म्हणतात, ड्रॅगनचा देश.

मग कपड्यांचा अर्थ सांगा. पुरुषांचा 'घो' गुडघ्यापर्यंत खोचून कमरेला पट्ट्याने आवळलेला असतो आणि पट्ट्याच्या वर पोटाशी मोठी खोळ तयार होते. पूर्वी त्यात वाटी ठेवत, आता मोबाइल, पाकीट आणि 'दोमा'. दोमा म्हणजे सुपारी, विड्याचं पान आणि चुना. आपल्याकडच्या पानपुड्याची आठवण येतेच. बायकांचा 'किरा' हातमागाचा, अंगाभोवती गुंडाळून खांद्यांवर पिना लावलेला. झोंगमध्ये शिरताना पुरुष खांद्यावरून 'कबने' नावाचं लांब उपरणं घेतात आणि त्याचा रंग बघायला विसरू नका: सामान्य माणसाचं पांढरं, न्यायाधीशाचं हिरवं, खासदाराचं निळं, मंत्र्याचं नारिंगी. पिवळं फक्त राजा आणि 'जे खेन्पो' म्हणजे मुख्य धर्मगुरू यांचं. स्त्रिया डाव्या खांद्यावर 'राचू' घेतात. एकदा हे कळलं की कचेरीच्या दारात उभं राहूनही खूप काही वाचता येतं.

राष्ट्रीय पक्षी रेव्हन, आपल्या कावळ्याचाच मोठा, जाड चोचीचा भाऊबंद. पितृपक्षात ताट वाढून कावळ्याची वाट पाहणाऱ्या आपल्या माणसांना त्याचा मान समजावून सांगावा लागणार नाही. तिथला राजमुकुटच रेव्हनच्या डोक्याचा आहे. या पक्ष्याला रक्षक महाकालाचं रूप मानतात. राष्ट्रीय प्राणी ताकिन, आणि त्याची गोष्ट मुलांना हमखास आवडते: द्रुक्पा कुन्ले या अवलिया साधूने बोकड आणि गाय खाऊन संपवली, मग बोकडाचं डोकं गाईच्या सांगाड्यावर बसवून प्राणी जिवंत केला. थिंफूजवळच्या मोतीथांगच्या राखीव कुरणात तो पाहिला की गोष्ट खरी वाटू लागते. राष्ट्रीय वृक्ष सायप्रस, त्याची उंच झाडं देवळांभोवती दिसतीलच. राष्ट्रीय फूल निळी पॉपी मात्र ऐन पावसाळ्यात आणि फार उंचावर फुलते. ऑक्टोबरात जाणाऱ्यांनी ती चित्रातच पाहावी.

तिरंदाजी हा राष्ट्रीय खेळ. दोन्ही निशाणांमध्ये १४५ मीटर अंतर असतं आणि दोन्ही बाजूंनी बाण सुटतात, म्हणून मैदान कधीही मधून ओलांडू नका. कडेला उभं राहून निदान एक डाव बघा. बाण लागला की अख्खा संघ गातो, नाचतो.

ताकिनच्या गोष्टीतल्या त्या कुन्लेच्या नावाने पुनाख्याजवळ चिमी ल्हाखांग हे देऊळ आहे. मूल व्हावं म्हणून जोडपी तिथे येतात, आणि आसपासच्या घरांच्या भिंतींवर मोठाली लिंगचित्रं रंगवलेली असतात. दुष्ट नजर टाळण्यासाठी ती काढतात. बरोबरच्या ज्येष्ठांना आणि मुलांना हे घरीच सांगून ठेवा, म्हणजे ऐनवेळी कुणी हसणार नाही. यजमानांच्या श्रद्धेसमोर हसणं फार वाईट दिसतं.

थिंफूहून पुनाख्याला जाताना दोचुला खिंडीत गाडी थांबते. ३१०० मीटर उंची, आभाळ स्वच्छ असेल तर समोर हिमशिखरांची रांग, आणि टेकडीवर १०८ छोटे चोर्तेन, म्हणजे बौद्ध स्तूप. बहुतेकजण फोटो काढून चहाकडे वळतात. २००३ च्या डिसेंबरात भूतानच्या सैन्याने दक्षिणेतल्या जंगलांत तळ ठोकलेल्या आसाममधल्या बंडखोर संघटनांवर कारवाई केली, तिच्यात प्राण गेलेल्यांसाठी हे चोर्तेन बांधलेत. त्या कारवाईचा आपल्या देशाशी सरळ संबंध आहे. तिथे दोन मिनिटं गप्प उभं राहा आणि प्रदक्षिणा घाला, आपल्यासारखीच, उजव्या हाताला चोर्तेन ठेवून.

पुनाखा झोंगला अर्धा दिवस द्या. फो छू आणि मो छू या नद्यांच्या संगमावर तो सतराव्या शतकात शबद्रुंग न्गावांग नामग्याल यांनी बांधला, आणि १७ डिसेंबर १९०७ रोजी पहिले राजे उग्येन वांगचुक यांचा राज्याभिषेक इथेच झाला. १७ डिसेंबर हाच भूतानचा राष्ट्रीय दिन.

आता पायांची तयारी. पारोचा तक्त्सांग मठ ३१२० मीटरवर कड्याला चिकटलेला आहे. गुरू पद्मसंभव वाघिणीवर बसून इथे आले आणि गुहेत ध्यानाला बसले अशी श्रद्धा. देऊळ १६९२ चं, १९९८ च्या आगीत बरंच जळालं, पुन्हा जसंच्या तसं उभारलं. पायथा २६०० मीटरच्या आसपास. चढ साधारण सिंहगडाच्या पायवाटेएवढा, पण हवा विरळ. कळसूबाईच्या माथ्याच्या जवळजवळ दुप्पट उंचीवर आपण चालत असतो. महिनाभर आधीपासून रविवारी एखादा गड चढा. घोडं फक्त अर्ध्या वाटेपर्यंत जातं. शेवटी शेकडो पायऱ्या उतरून, धबधब्याशेजारचा पूल ओलांडून पुन्हा चढायच्या असतात, त्या स्वतःच्याच पायांनी. हा दिवस सहलीच्या शेवटी ठेवा, तोवर शरीर उंचीला सरावतं. आत जाताना मोबाइल, कॅमेरा, पिशवी सगळं दारात जमा करायचं. समईसारख्या लोण्याच्या दिव्यांसमोर नुसतं बसायचं. परतीच्या वेळेची घाई असलेल्या गाडीवाल्याशी हे आदल्या दिवशीच बोलून घ्या.

जेवणाचं म्हणाल तर मेतकूट आणि खाकरे जरूर न्या, पण पहिल्याच दिवशी 'एमा दात्शी' मागवा. मिरची इथे मसाला म्हणून नसते, तीच भाजी असते, चीजमध्ये शिजवलेली, लाल भाताबरोबर वाढलेली. झेपली नाही तर बटाट्याची 'केवा दात्शी' आहे, शाकाहाऱ्यांना मशरूमची 'शामू दात्शी'. 'सुजा' म्हणजे लोणी-मिठाचा चहा. चहा समजून प्यायलात तर नाव ठेवाल, पातळ सार समजून प्या.

आणि शेवटी दोन शब्द पाठ करून ठेवा. भेटल्यावर 'कुझुझांगपो ला', आभार मानताना 'कादिन्चे ला'. तो शेवटचा 'ला' आदराचा, नावापुढच्या आपल्या 'जी'सारखा. तो गाळू नका. पारोच्या एका घरी चहाचा कप परत देताना मी तो पहिल्यांदा नीट उच्चारला, तेव्हा आजींनी माझा हात दोन्ही हातांत धरला आणि कप पुन्हा भरला.