बॅग भरण्याआधी: गादीच्या ऑपरेशनची तयारी

मणक्यातल्या सरकलेल्या गादीच्या ऑपरेशनची तारीख मिळाली की घरातले आधी बॅग काढतात. बॅग आदल्या रात्री भरली तरी चालते. आधी एक कोरा कागद घ्या आणि त्यावर माणसाची आकृती काढा, काडीचा माणूसही चालेल. कुल्ल्यातून पोटरीकडे, पावलाकडे उतरणारी कळ एका रंगाने रंगवा आणि कंबरेतलं दुखणं दुसऱ्या. शंभरातला किती वाटा पायाचा आणि किती कंबरेचा, तेही अंदाजाने लिहा. मायक्रोडिस्केक्टॉमीत नसेवर दाब देणारा गादीचा तुकडा काढतात, झिजलेली गादी काही नवी होत नाही. म्हणून पायातली कळ बहुतेकांची लवकर जाते, काहींची तर भुलीतून उठल्याउठल्या. कंबरेबद्दल तशी हमी कुणी देत नाही. कागदावर कंबरच जास्त रंगली असेल, तर तारखेआधी सर्जनला पुन्हा भेटा.

हाच कागद एमआरआयच्या शेजारी ठेवून डॉक्टरांना एकच विचारा: रिपोर्टमध्ये दाखवलेली नस आणि माझी कळ जुळते का? काहीही न दुखणाऱ्या माणसांच्या एमआरआयमध्येही सरकलेली गादी दिसते, त्यामुळे नुसत्या रिपोर्टवर जाऊ नका. थांबलो तर काय, हेही विचारून घ्या. नेदरलँड्समध्ये २८३ रुग्णांचा एक अभ्यास झाला, तो २००७ मध्ये प्रसिद्ध झाला. लवकर ऑपरेशन केलेल्यांना आराम लवकर पडला, पण वर्षाच्या शेवटी दोन्ही गट जवळपास सारखेच बरे होते. थांबलेल्यांपैकी ३९ टक्के लोकांना मात्र त्या वर्षात ऑपरेशन करावंच लागलं. म्हणजे घाई करायची की नाही, हे बरंचसं तुम्हाला कळ किती सोसवते यावर आहे. लघवी अडली, जांघेत आणि बैठकीच्या जागी बधिरपणा आला किंवा पाऊल उचलेनासं झालं, तर यादीबिदी बाजूला ठेवा आणि त्याच दिवशी हॉस्पिटल गाठा.

छेद किती सेंटिमीटरचा, यावर लोक फार बोलतात. २००९ च्या ३२८ रुग्णांच्या अभ्यासात बारीक नळीतून केलेलं ऑपरेशन नेहमीच्या मायक्रोडिस्केक्टॉमीपेक्षा सरस ठरलं नाही; पाय आणि कंबरेच्या दुखण्यात उलट किंचित मागेच राहिलं. सर्जनचा हात ज्या पद्धतीवर बसलाय, ती चालू द्या.

गोळ्यांची यादी करताना रक्त पातळ करणाऱ्या, मधुमेहाच्या आणि आयुर्वेदिक म्हणून कुणाला न सांगितलेल्याही लिहा. कुठली कधी थांबवायची ते डॉक्टर ठरवतील, आपल्या मनाने बंद करू नका. सिगारेट मात्र आजच सोडा.

घरी रोज लागणाऱ्या वस्तू कंबरेच्या उंचीवर आणून ठेवा, नाड्या नसलेल्या चपला काढा, कमोड फार खाली असेल तर उंच बैठक बसवा. पहिले काही दिवस बादली उचलायला आणि मोजे चढवायला कुणीतरी हवं. गाडी कधी चालवायची, कामावर कधी जायचं, किती वजन उचलायचं, याची उत्तरं लेखी घ्या. तोंडी सांगितलेलं घरी पोचेपर्यंत विसरतं. नसांच्या आवरणाला छेद गेला तर काय करतात, हेही विचारा. तिथेच गादी पुन्हा सरकण्याचं प्रमाण साधारण ५ ते १५ टक्के आहे, हे घरच्यांनाही माहीत असू द्या.

ऑपरेशनच्या दिवशी खाणं आणि पाणी किती तास आधी बंद करायचं, ते भूलतज्ज्ञ सांगतील. एमआरआयच्या फिल्म आणि तो रंगवलेला कागद बॅगेत सगळ्यात वर ठेवा. सहा आठवड्यांनी नवी आकृती काढून दोन्ही कागद शेजारी मांडा. कागदावरचा पायाचा रंग फिका झालेला दिसला आणि अंगठा अजून बधिरच असला, तर लगेच घाबरू नका. बधिरपणा आणि अशक्तपणा जायला महिने लागतात, कधी थोडासा राहूनही जातो.