जुनी हेरिटेज इमारत मालक मुद्दाम पडू देतोय? मग नोटिशीपासून बोज्यापर्यंत काय काय करता येतं

जुन्या बाजारपेठेत एखादी शंभर-दीडशे वर्षांची इमारत वर्षानुवर्षं बंद असते, काचा फुटलेल्या, छपराचा एक कोपरा बसलेला, आणि सगळे म्हणतात मालकाचंच लक्ष नाही तर आपण काय करणार. पण खूपदा मालकाचं लक्ष अगदी पक्कं असतं. पाडायची परवानगी मागितली तर मिळणार नाही हे त्याला माहीत असतं, म्हणून तो काहीच करत नाही, पावसाला त्याचं काम करू देतो आणि काही वर्षांनी इंजिनियरचा रिपोर्ट घेऊन येतो की इमारत धोकादायक झालीय, आता पाडायलाच हवी. याला डिमोलिशन बाय निग्लेक्ट म्हणतात. तो रिपोर्ट यायच्या आधी हालचाल करायची, नंतर कितीही सह्या गोळा केल्या तरी फार हाती लागत नाही.

सगळ्यात आधी तुमच्या शहराचा नियम नीट वाचा. बऱ्याच ठिकाणी हेरिटेजचा नियम एवढंच सांगतो की बदल करायचा किंवा पाडायचं तर परवानगी घ्या, पण नुसतं हातावर हात ठेवून बसणं हा गुन्हाच नसतो. तसं असेल तर किमान देखभाल बंधनकारक करणारं कलम घालून घ्यायला नगरसेवकांच्या मागे लागावं लागेल. मालकाच्या हक्कावर गदा येते हा आक्षेप येणारच, त्याला उत्तर आहे. न्यू ऑर्लीन्सच्या जुन्या फ्रेंच वस्तीतल्या अशाच नियमावर अमेरिकेतल्या फेडरल अपील कोर्टात केस गेली होती आणि १९७५ मध्ये कोर्टाने नियम योग्य ठरवला. पाडायला बंदी आहे पण पडू द्यायला मोकळीक आहे असं असेल तर त्या बंदीला अर्थच राहत नाही ना. मात्र कलम मोघम नको, "इमारत चांगल्या स्थितीत ठेवावी" एवढंच लिहिलं तर वकील त्याचा कीस काढतील, म्हणून छप्पर, पन्हळी, पाया, भार घेणाऱ्या भिंती, दारं-खिडक्या, छज्जे अशी एकेक गोष्ट नावानिशी हवी.

आता पुरावा. इथे लोक चुकतात, "इमारतीची वाट लागलीय" असा अर्ज करतात आणि तो फायलीत पडून राहतो. जुनी इमारत मरते ती मुख्यतः पाण्याने, त्यामुळे पाण्याचा माग काढा. पन्हळ तुंबली की पाणी भिंतीवरून उतरतं, विटांच्या सांध्यांमधला चुना धुऊन जातो, मग भिंतीत घुसलेल्या तुळयांची टोकं कुजतात आणि एक दिवस अख्खा मजला खाली येतो, म्हणजे सुरुवात साफसफाईच्या एका कामापासून झालेली असते. रस्त्यावर उभं राहून एकाच जागेवरून दर महिन्याला फोटो काढा, तारखेसकट. मुसळधार पावसात तर नक्की जा कारण पाणी कुठून गळतंय ते तेव्हाच दिसतं. भिंतीवरचे हिरवे डाग, फुगलेला गिलावा, विटांत उगवलेलं झाड, सरळ रेषेतून बाहेर आलेली भिंत, हे सगळं टिपा. कुलूप तोडून आत जाऊ नका, तुमची केस तिथेच संपते, आतली पाहणी अधिकाऱ्यांनीच कायदेशीर मार्गाने करायची असते. आणि अर्जात कोणत्या बाजूला काय झालंय आणि नियमाचं कोणतं कलम मोडलंय ते लिहा, पोच घ्या, एक प्रत बांधकाम खात्याला आणि एक हेरिटेज कमिटीला द्या. ही दोन खाती एकमेकांशी बोलत नाहीत हे खूप ठिकाणी होतं, एक जतन करा म्हणतं आणि दुसरं त्याच इमारतीला पाडायची ऑर्डर काढतं.

नोटीस निघाली म्हणजे काम झालं असं नाही. दंड छोटा असेल तर मालक तो भरतो आणि गप्प बसतो, मोक्याच्या जागेच्या किमतीपुढे त्याला तो काहीच वाटत नाही. खरी ताकद येते ती शहराने स्वतः दुरुस्ती करून खर्च वसूल करण्यात. इंग्लंडचा १९९० चा कायदा यासाठी बघण्यासारखा आहे. तिथे लिस्टेड, म्हणजे सरकारी वारसा यादीतल्या इमारतीला तातडीच्या कामाची नोटीस देता येते, किमान ७ दिवसांची, आणि मालकाने काहीच केलं नाही तर पालिका स्वतः ताडपत्री घालते, टेकू लावते आणि बिल त्याला पाठवते. दुसरी नोटीस दुरुस्तीची, तिच्यावर २ महिन्यांत हालचाल झाली नाही तर इमारत सक्तीने ताब्यात घ्यायची प्रक्रिया सुरू होऊ शकते, आणि पाडता यावी म्हणून मुद्दाम पडू दिलीय हे सिद्ध झालं तर मालकाला भरपाईही कमीत कमीच मिळते. खूपदा अशा नोटिशीची नुसती चाहूल लागली तरी मालक विकायला तयार होतो. तुमच्याकडे असं कलम आणायचं असेल तर खर्चाचा बोजा मालमत्तेवर चढेल हे त्यात लिहूनच घ्या, नाहीतर पैसे वसूल होत नाहीत आणि पुढच्या वेळी पालिका हात लावायलाही घाबरते.

कोर्टाचा रस्ताही आहे, लांबचा आहे पण चालतो. न्यूयॉर्कमध्ये १८४५ च्या स्किडमोर हाऊसच्या मालकांवर शहराने केस केली आणि २००४ मध्ये कोर्टाने त्यांना घर दुरुस्त करायला लावलं. बाल्टिमोरमध्ये शहर कोर्टाकडे रिसीव्हर, म्हणजे मालकाच्या जागी इमारत सांभाळणारा माणूस किंवा संस्था, नेमायची मागणी करतं, तो रिकामी इमारत दुरुस्त करतो किंवा दुरुस्त करू शकेल अशाला लिलावात विकतो. पेनसिल्व्हेनियात तर २००८ च्या कायद्याने ना-नफा संस्थांनाही ओसाड इमारतीसाठी कोर्टात जाता येतं.

पण प्रत्येक मालक लबाड नसतो हे मला मनापासून सांगायचंय. वारसांची भांडणं, म्हातारी मालकीण, हातात पैसा नाही, अशा घरांवर दंड लावला तर इमारत अजून लवकर पडेल. त्यांच्यासाठी स्वस्त कर्ज, अनुदान, करसवलत मागा. अमेरिकेत उत्पन्न देणाऱ्या हेरिटेज इमारतीच्या मान्यताप्राप्त दुरुस्तीवर खर्चाच्या २० टक्के फेडरल करसवलत मिळते. ज्याला खरंच परवडत नाही त्याने हिशोब उघड दाखवावा अशी सोय नियमात ठेवा, म्हणजे खोटं रडणारा आपोआप वेगळा पडतो.

लगेच वापर ठरत नसेल तर इमारत नीट बंद करून ठेवायची ऑर्डर मागा. छप्पर आणि पन्हळी आधी, मग पाणी-वीज सुरक्षित, मग खिडक्यांना फळ्या, पण फळ्यांत झरोके ठेवून, कारण हवा कोंडली की आतून बुरशी आणि कुज सुरू होते. विटांचे सांधे भरताना चुन्याच्या जुन्या भिंतीला कडक सिमेंट लावू देऊ नका, ओल आत अडकते आणि विटांचे पापुद्रे निघतात. आणि "धोकादायक" रिपोर्ट आलाच तर जुन्या चुन्या-विटांच्या बांधकामाचा अनुभव असलेल्या दुसऱ्या इंजिनियरकडून तपासणी करून घ्या, अख्खी इमारत धोकादायक आहे की फक्त एक छज्जा, हे त्याच्याकडून लेखी मागा.