केळीवाल्यानं फिजीला जावं, ते सिगाटोकासाठी

यावल-रावेर पट्ट्यात केळी लावणाऱ्याला ‘सिगाटोका’ हा शब्द कृषी केंद्राच्या काउंटरवर पहिल्यांदा ऐकायला मिळतो. पानावर आधी बारीक पिवळसर रेघा, मग तपकिरी ठिपके, मग कडेकडून पान वाळत येतं. आपण त्याला करपा म्हणतो. तीस वर्षं मी त्यावर फवारण्या केल्या, पण सिगाटोका हे फिजी देशातल्या एका नदीचं, तिच्या खोऱ्याचं आणि गावाचं नाव आहे हे फार उशिरा कळलं. 1912 च्या सुमारास त्या खोऱ्यातल्या बागा ह्या रोगानं झोडपल्या, तिथून हे नाव पडलं. काळा सिगाटोका, म्हणजे ह्याच जातीचा जास्त घातक रोग, तोही 1963 मध्ये फिजीतच पहिल्यांदा ओळखला गेला. तेव्हाच ठरवलं, ही जागा डोळ्यांनी पाहायची.

तिथं मे ते ऑक्टोबर कोरडा, सुखाचा काळ. नोव्हेंबर ते एप्रिल पाऊस आणि चक्रीवादळं. आपल्याकडे मे महिन्यात वादळवाऱ्याच्या धास्तीनं केळीवाल्याचा पाय घरातून निघत नाही, म्हणून पोळा आटोपला की निघा. आम्ही नवरा-बायको तसेच गेलो. पासपोर्ट किमान सहा महिने चालणारा हवा, परतीचं तिकीट आणि राहण्याचं बुकिंग हाताशी ठेवा. आम्हाला आधी व्हिसा काढावा लागला नाही, विमानतळावरच शिक्का मिळाला. तरी निघण्याआधी नियम पुन्हा तपासा. मुंबईहून थेट विमान नाही. सिंगापूर किंवा हाँगकाँगमार्गे जा, ऑस्ट्रेलियामार्गे गेलात तर तिथला ट्रान्झिट व्हिसा वेगळा काढावा लागतो. घड्याळ साडेसहा तास पुढे करायचं.

सामानात केळी, बियाणं, रोपं काही नको. खाण्याचं जे असेल ते फॉर्मवर लिहून दाखवा. बागेतले बूट नेणार असाल तर माती पार काढून न्या. तिथं ह्याची कसून तपासणी होते, आणि व्हायलाच हवी, मातीबरोबर रोगही जातात.

विमान उतरतं त्या गावाचं नाव इंग्रजीत ‘नादी’ असं दिसतं, पण म्हणतात ‘नांदी’. तसंच सिगाटोकाचा खरा उच्चार ‘सिंगातोका’. नांदीहून बस मिळते, समुद्राच्या कडेनं 60-70 किलोमीटर. वाटेत दोन्ही बाजूंना ऊस. त्या उसासाठीच 1879 ते 1916 ह्या काळात साठ हजारांवर माणसं भारतातून गिरमिटावर, म्हणजे ‘अ‍ॅग्रीमेंट’वर, नेली. पहिलं जहाज ‘लिओनिडास’, 14 मे 1879. त्यांच्या नातवंडा-पणतवंडांची हिंदी भोजपुरी-अवधीच्या वळणाची आहे, आपल्याला कळते. टॅक्सीवाल्यानं आम्हाला ‘राम राम’ घातला तेव्हा आमच्या मंडळींच्या डोळ्यांत पाणी आलं. नांदीतलं श्री शिव सुब्रमण्य मंदिर जरूर पाहा. आमच्या मंडळींनी तिथं निवांत अर्धा दिवस काढला.

आता खोरं. नदीच्या दोन्ही अंगांना भाजीपाल्याचे मळे, ह्याला फिजीची भाजीची टोपली म्हणतात. गावात जायचं तर तिथल्याच माणसाबरोबर जा. डोक्यावर टोपी नको, खांदे-गुडघे झाकलेले हवेत, आणि मुखियासाठी कावा नावाच्या झुडपाच्या वाळक्या मुळांची जुडी न्यायची. ती बाजारात मिळते. ह्या मानाला ‘सेवुसेवु’ म्हणतात. मुळांची पूड पाण्यात कालवून लाकडी पसरट भांड्यातून नारळाच्या करवंटीत देतात. आधी एक टाळी, ‘बुला’ (त्यांचा नमस्कार) म्हणायचं, एका दमात प्यायचं, मग तीन टाळ्या. चव मातकट, आणि जिभेचा शेंडा थोडा बधिर होतो. रविवारी गावात जाऊ नका, तो त्यांचा देवाचा आणि विश्रांतीचा दिवस.

जेवणात ‘लोवो’ मिळाला तर सोडू नका. जमिनीत खड्डा, तापलेले दगड, त्यावर पानांत गुंडाळलेले कंद आणि मासे, वरून पाला-माती. दालो म्हणजे आपलं अळकुडीच्या जातीचं कंद. वाळक्या काटक्यांवर वांगी भाजून भरीत करणाऱ्याला तो धुराचा वास ओळखीचा वाटेल.

एका शेताच्या बांधावर केळीची चार-पाच खोडं उभी होती. मालकाला विचारून मी पान उलटं करून पाहिलं. तेच बारीक तपकिरी रेघांचं जाळं, जे आमच्या बागेत दिसतं. मालकानं हातानंच विचारलं, तुमच्याकडेही? मी मान हलवली. मग आम्ही दोघं तसेच पान धरून उभे राहिलो.

परत निघण्याच्या आदल्या रात्री दोघांचे बूट-चपला ब्रशनं घासा, तळाच्या खाचांतली मातीसुद्धा काढा, आणि तिथले कपडे घरी पोचताच गरम पाण्यातून काढा. तोवर बागेत पाय ठेवू नका.