सॉकेटवर स्वतःचा थर : सी भाषेत तो कसा रचावा

१९८३ साली बर्कले विद्यापीठातून ४.२ बीएसडी ही युनिक्सची आवृत्ती बाहेर पडली आणि तिच्याबरोबर सॉकेटसाठीची (नेटवर्कवरून दुसऱ्या प्रोग्रामशी बोलण्याच्या टोकासाठीची) सॉकेट, बाइंड, लिसन, ॲक्सेप्ट, कनेक्ट ही फंक्शने आली. पुढे पॉझिक्सने (युनिक्ससारख्या प्रणालींच्या सामाईक मानकाने) त्यांना मानकाचे रूप दिले आणि १९९३ मध्ये विनसॉक (विंडोजचा सॉकेट-संच) १.१ च्या रूपाने ती विंडोजवरही पोहोचली. नावे सारखीच असल्यामुळे लिनक्सवर चालणारा प्रोग्राम किरकोळ फेरफारांनी विंडोजवर चालेल असे वाटते, आणि बऱ्याचदा तो कंपाइल होतोही. फरक दडलेला असतो तो वागणुकीत. हा फरक सांभाळण्यासाठी दर चार ओळींमागे इफडेफ (प्रणालीनुसार कोडचे तुकडे निवडणाऱ्या अटी) पेरत गेले, तर सहा महिन्यांनी तो कोड लिहिणाऱ्यालाही उलगडत नाही. म्हणून सॉकेटशी थेट बोलणारा सगळा कोड एकाच ठिकाणी ठेवून बाकीच्या प्रोग्रामला त्यामागची प्रणाली कळूच न देणारा एक पातळ थर रचणे शहाणपणाचे ठरते.

आधी निकाल ठरवा

बहुतेक जण फंक्शनांना नवी नावे देण्यापासून सुरुवात करतात आणि तिथेच थराचा आकार बिघडतो. सेंड या फंक्शनला नेट_सेंड म्हटल्याने काहीच साधत नाही. थराचे खरे काम म्हणजे प्रत्येक क्रियेचा निकाल सर्व प्रणालींवर एकाच भाषेत सांगणे. युनिक्सवर चूक एर्नो या व्हेरिएबलमध्ये क्रमांकाच्या रूपात सापडते, विंडोजवर ती डब्ल्यूएसए-गेट-लास्ट-एरर या फंक्शनला विचारावी लागते, आणि गेट-ॲडर-इन्फो हे नाव शोधणारे फंक्शन तर स्वतःचे वेगळेच क्रमांक परत करते. तेव्हा हेडर फाइलमध्ये सर्वात आधी एक छोटा ईनम (नावे दिलेल्या स्थिरांकांची यादी) लिहावा : ठीक, वाचनासाठी थांबा, लेखनासाठी थांबा, समोरच्याने बंद केले, मुदत संपली, आणि चूक.

‘थांबा’ हा निकाल दोन प्रकारचा का, असा प्रश्न येथे पडेल. साध्या टीसीपी जोडणीत वाचताना वाचनासाठीच थांबावे लागते, त्यामुळे एकच प्रकार पुरेसा वाटतो. पण उद्या याच थराखाली टीएलएस (जोडणी एन्क्रिप्ट करणारा प्रोटोकॉल) बसवायचे ठरले, तर एन्क्रिप्शनच्या देवाणघेवाणीमुळे वाचायला गेलेल्या फंक्शनला आधी काहीतरी लिहून पाठवायची गरज पडू शकते. ओपनएसएसएल ही टीएलएस पुरवणारी लायब्ररीही आपल्या निकालात हा भेद करते. ईनममध्ये तो आजच ठेवला, तर पुढे वरचा कोड बदलावा लागत नाही.

‘समोरच्याने बंद केले’ हादेखील स्वतंत्र निकाल असावा. मूळ वाचन-फंक्शन अशा वेळी शून्य परत करते, आणि किती बाइट वाचले ही संख्या व जोडणी संपल्याची खूण एकाच परतफेडीत कोंबल्यामुळे अनंत चालणारी लूप तयार होणे हा सॉकेट-कोडमधला नेहमीचाच दोष आहे. आपल्या थरात निकाल परत करावा आणि बाइटची संख्या पॉइंटरमार्फत वेगळी द्यावी. शून्य लांबीचा बफर दिला तरीही मूळ फंक्शन शून्यच परत करते, म्हणून तशी मागणी दारातच नाकारावी. यूडीपीमध्ये (जोडणी न करता सुटी पॅकेटे पाठवणाऱ्या प्रोटोकॉलमध्ये) मात्र शून्य बाइटचे पॅकेट पूर्णपणे वैध असते. त्यासाठी वेगळी फंक्शने ठेवावीत, दोघांना एका साच्यात बसवण्याचा हट्ट धरू नये.

हेडर कोरे ठेवा

हेडरमध्ये सॉकेटच्या स्ट्रक्टची फक्त घोषणा करावी. त्याच्या आत काय आहे ते अंमलबजावणीच्या सी फाइलमध्येच राहू द्यावे. याचे कारण केवळ टापटीप एवढेच नाही. युनिक्सवर सॉकेटचा क्रमांक हा साधा चिन्हांकित पूर्णांक असतो आणि अपयश आल्यास उणे एक मिळतो. विंडोजवर तो पॉइंटरच्या आकाराचा, चिन्हविरहित पूर्णांक असतो. म्हणजेच ‘शून्यापेक्षा लहान असेल तर चूक’ ही युनिक्सवाल्यांच्या हातात बसलेली तपासणी विंडोजवर कधीच खरी ठरत नाही, आणि निकामी सॉकेट घेऊन प्रोग्राम पुढे चालत राहतो. प्रकार बंदिस्त असेल तर ही तुलना थराच्या आतच राहते आणि प्रत्येक प्रणालीसाठी एकदाच, योग्य रीतीने लिहिली जाते. शिवाय विंडोजचे मुख्य हेडर जुन्या विनसॉकचे हेडर स्वतःबरोबर ओढून आणू शकते आणि विनसॉक २ चे हेडर त्याच्यानंतर आले तर व्याख्यांची टक्कर होते. हा क्रम एकाच फाइलमध्ये सांभाळणे सोपे जाते.

स्ट्रक्टमध्ये सॉकेटचा क्रमांक, शेवटच्या चुकीचा मूळ प्रणालीतील क्रमांक आणि काही ध्वज एवढेच पुरते. मूळ क्रमांक चूक घडताक्षणी नोंदवून ठेवावा, कारण मध्ये क्लोज किंवा लॉग लिहिणारे एखादे फंक्शन चालले की एर्नो बदललेला असू शकतो. विंडोजवर सॉकेट वापरण्याआधी विनसॉक सुरू करावे लागते. हे काम पहिल्या सॉकेटच्या वेळी गुपचूप उरकण्याचा मोह होतो, पण सुरू करण्याचे आणि आवरण्याचे अशी दोन उघड फंक्शने द्यावीत असे माझे मत आहे. युनिक्सवर ती रिकामी राहिली तरी बिघडत नाही.

जोडणी करताना

होस्टचे नाव गेट-ॲडर-इन्फोकडे द्यावे आणि मिळालेल्या यादीतला प्रत्येक पत्ता क्रमाने करून पाहावा. पहिलाच पत्ता घेऊन थांबणारा कोड जिथे आयपीव्ही ६ अर्धवट बसवलेले असते तिथे हमखास अडतो. प्रत्येक पत्त्यासाठी नवे सॉकेट उघडून ते नॉन-ब्लॉकिंग, म्हणजे काम लगेच होत नसेल तर अडकून न राहणारे, करावे (युनिक्सवर एफसीएनटीएल, विंडोजवर आयओसीटीएल-सॉकेट) आणि मग कनेक्ट करावे. येथे युनिक्स ‘काम चालू आहे’ अशा अर्थाचा ईइनप्रोग्रेस हा क्रमांक देते, तर विंडोज वुडब्लॉक म्हणजे १००३५ देते; थराने दोन्हींचा अर्थ ‘लेखनासाठी थांबा’ असाच लावावा.

यानंतरची पायरी अनेक जण गाळतात. सॉकेट लिहिण्यायोग्य झाले म्हणजे जोडणी झालीच असे नसते. अयशस्वी जोडणीचे सॉकेटही लिहिण्यायोग्य म्हणूनच समोर येते. त्यामुळे एसओ-एरर हा पर्याय वाचून तो शून्य आहे ना, याची खात्री करावी आणि तो शून्य नसेल तर ते सॉकेट बंद करून यादीतील पुढच्या पत्त्याकडे वळावे. विंडोजवर आणखी एक खाच आहे : सॉकेट तयार होण्याची वाट पाहणारे तेथील डब्ल्यूएसए-पोल हे फंक्शन विंडोज १० च्या २००४ या आवृत्तीपूर्वी अयशस्वी जोडणीची वर्दीच देत नसे. जुन्या आवृत्त्यांवर चालायचे असेल तर तिथे जोडणीपुरते त्याच कामाचे सिलेक्ट हे फंक्शन वापरावे आणि अपयशासाठी त्याचा तिसरा, म्हणजे अपवादांचा, संच तपासावा.

मुदत देताना प्रत्येक पायरीला वेगळे पाच सेकंद न देता संपूर्ण क्रियेसाठी एकच अंतिम क्षण ठरवावा आणि दर वेळी उरलेला वेळ मोजावा. घड्याळ मोनोटॉनिक (कधीच मागे न जाणारे) घ्यावे, नाहीतर कोणी मशीनची वेळ मागे केली की मुदत लांबते. एक मर्यादा दस्तऐवजात स्पष्ट लिहावी : गेट-ॲडर-इन्फो मुदत स्वीकारत नाही, त्यामुळे नाव शोधण्यात गेलेला वेळ आपल्या आवाक्याबाहेर असतो. तो आवाक्यात हवाच असेल तर ते काम वेगळ्या थ्रेडवर न्यावे लागेल.

पाठवणे आणि वाचणे

टीसीपी हा बाइटचा सलग प्रवाह आहे. त्याला संदेशाच्या सीमा माहीत नसतात. नॉन-ब्लॉकिंग सॉकेटवर दहा हजार बाइट पाठवायला दिले तर सेंड चार हजार घेऊन परत येऊ शकते आणि ती चूक मानली जात नाही. म्हणून थरात दोन फंक्शने असावीत : एक, जेवढे जाईल तेवढे पाठवून संख्या सांगणारे, दुसरे, सगळे जाईपर्यंत किंवा मुदत संपेपर्यंत लूप चालवणारे. दुसऱ्यानेही अपयशाच्या वेळी किती बाइट गेले ते सांगितले पाहिजे. सिग्नलमुळे मध्येच सुटलेले काम (ईइंटर) दोन्ही फंक्शनांनी स्वतःच पुन्हा करावे. ते वर पोचवण्यात अर्थ नाही.

समोरच्याने जोडणी तोडल्यावर लिहायला गेल्यास युनिक्स सिग्पाइप हा सिग्नल पाठवते आणि काहीच व्यवस्था नसेल तर अख्खा प्रोग्राम एकही अक्षर न बोलता मरतो. संपूर्ण प्रोसेससाठी हा सिग्नल बंद करणे सोपे असले तरी लायब्ररीने ते करू नये, तो यजमान प्रोग्रामचा अधिकार आहे. लिनक्सवर प्रत्येक सेंडला एमएसजी-नोसिग्नल हा ध्वज द्यावा. मॅकओएसवर सॉकेट उघडतानाच एसओ-नोसिग्पाइप लावावा.

वाट पाहण्यासाठी युनिक्सवर पोल वापरावे. सिलेक्टचा संच लिनक्सवर १०२४ क्रमांकांपुरता असतो आणि त्यापलीकडचा क्रमांक त्यात घातला तर मेमरीवर भलत्याच जागी लिहिले जाते. विंडोजवर तोच संच मुळात ६४ सॉकेटांची यादी असतो, त्यामुळे क्रमांक कितीही मोठा असला तरी अडत नाही, फक्त संख्या मोजावी लागते.

ऐकणारी बाजू

एसओ-रियूजॲडर हा पर्याय दोन्हीकडे आहे, पण अर्थ वेगळा आहे. युनिक्सवर तो सर्व्हर पुन्हा सुरू करताना जुन्या जोडण्यांच्या टाइम-वेटमुळे (बंद झाल्यावरही काही काळ राखून ठेवलेल्या अवस्थेमुळे) होणारी अडवणूक टाळतो. विंडोजवर तो दुसऱ्या प्रोसेसने वापरात घेतलेला पोर्टही बळकावू देतो. थराने तो युनिक्सवरच लावावा आणि विंडोजवर एसओ-एक्सक्लुझिव्हॲडरयूज वापरावा. आयपीव्ही ६ च्या ऐकणाऱ्या सॉकेटने आयपीव्ही ४ च्या जोडण्याही घ्याव्यात की नाही, याचे मूळ उत्तर लिनक्स आणि विंडोज वेगवेगळे देतात, म्हणून व्ही६-ओन्ली हा पर्याय आपणच उघडपणे ठरवून द्यावा.

बंद करणे आणि तपासणे

न वाचलेला मजकूर शिल्लक असताना सॉकेट बंद केले तर लिनक्स रीसेट (जोडणी तडकाफडकी तोडणारी खूण) पाठवते आणि समोरच्याला आपला शेवटचा मजकूरही मिळेलच याची खात्री राहत नाही. त्यामुळे आधी शटडाउनने लेखनाची बाजू बंद करावी, ‘समोरच्याने बंद केले’ हा निकाल येईपर्यंत ठरलेल्या मुदतीत वाचत राहावे आणि मग क्लोज करावे. लिनक्सवर क्लोजला ईइंटर मिळाला तरी ते पुन्हा करू नये. तो क्रमांक तोवर मोकळा होऊन दुसऱ्या थ्रेडच्या हाती गेलेला असू शकतो.

चाचण्या लूपबॅकवर (मशीनने स्वतःशीच केलेल्या जोडणीवर) घ्याव्यात आणि पोर्ट शून्य मागून मिळालेला क्रमांक गेट-सॉक-नेमने विचारून घ्यावा, म्हणजे दोन चाचण्या एकाच पोर्टसाठी भांडत नाहीत. पाठवण्याचा बफर मुद्दाम लहान करून समोरच्या बाजूने काही काळ काहीच वाचू नये. अर्धवट सेंडचा कोड खरोखर चालतो की नाही हे तेव्हाच दिसते, कारण लूपबॅकवर छोटे संदेश सहसा एका दमात जातात आणि लूपमधील दोष झाकलेलाच राहतो.