‘रन’ म्हणजे धावणे, मग मोटर कशी काय धावते?

गावाकडचं पोरगं तालुक्याच्या अभ्यासिकेत आलं, स्टाफ सिलेक्शनच्या, म्हणजे केंद्र सरकारच्या नोकरभरती परीक्षेच्या तयारीला लागलं, की गणित आणि बुद्धिमत्ता रेटून नेतं अन् इंग्रजीपाशी अडतं. पदवीधरांच्या सीजीएल परीक्षेत पहिल्या टप्प्यालाच इंग्रजीचे 25 प्रश्न, 50 गुण, आणि उत्तर चुकलं की अर्धा गुण वजा. काळ, प्रयोग, आर्टिकल पाठ करून जमतं. फसवतात ते साधे शब्द. गेट, टेक, सेट, पुट. आणि या टोळीचा म्होरक्या ‘रन’.

ऑक्सफर्ड इंग्लिश डिक्शनरीच्या 1989 सालच्या दुसऱ्या आवृत्तीत सगळ्यात जास्त जागा ‘सेट’ने अडवली होती. पुढे ‘रन’ची नोंद नव्याने लिहिली गेली, तेव्हा एकट्या क्रियापदाचे 645 अर्थ भरले. एवढे पाठ करायला बसाल तर परीक्षेची वयोमर्यादा निघून जाईल, बाप्पा.

आमच्या वेळी इंग्रजी पाचवीपासून होतं. मराठी शाळांत ते पहिलीपासून आलं 2000 साली. पाचवीत आम्ही ‘आर यू एन रन, रन म्हणजे धावणे’ असं एका सुरात म्हणायचो. तयारीला आलेली आजची पोरंही तेवढ्याच भांडवलावर येतात. पण आपली मराठी काय कमी आहे? भूक लागते, ठेच लागते, निकाल लागतो, नोकरी लागते, एसटी फलाटाला लागते, पऱ्हाटीला बोंडं लागतात. कोणी तक्ता काढून शिकवलं होतं का आपल्याला? शेजारी कोणता शब्द आहे त्यावरून अर्थ कळतो. ‘रन’लाही हीच रीत लावा. वहीत सुटा ‘रन’ लिहूच नका, त्याच्या शेजाऱ्यासकट लिहा.

आता वावरातच चला. लाइन आली, मोटर सुरू झाली: द मोटर इज रनिंग. पाटानं पाणी चाललं: वॉटर इज रनिंग. एप्रिलात विहीर आटली: द वेल हॅज रन ड्राय. थंडीत पोराचं नाक वाहतं, तेही रन. अंगात ताप आहे, तर ही इज रनिंग अ टेम्परेचर. काका जिनिंग चालवतात, ही रन्स अ जिनिंग फॅक्टरी. दर तासाला यवतमाळची गाडी आहे, तीही रन. धावण्याचं चित्र डोक्यातून काढा आणि काहीतरी चालू आहे, वाहतंय असं धरा. निम्मे अर्थ तिथंच सुटतात.

उरलेल्या अर्थांची चावी मागून येणाऱ्या बारक्या शब्दाकडे असते. रनआउट काय ते क्रिकेटमुळे गावातल्या शेंबड्या पोरालाही माहीत आहे, आणि नेमकं तिथंच गडबडतं. डिझेल संपलं हे दोन तऱ्हेनं सांगता येतं. वी हॅव रन आउट ऑफ डिझेल. इथं कर्ता आपण, म्हणून ‘ऑफ’ पाहिजेच. द डिझेल हॅज रन आउट; इथं कर्ता डिझेल, ‘ऑफ’ गायब. कोणाला वाऱ्यावर सोडून पळून गेला, तर रन आउट ऑन. आउट तेच, शेपटी बदलली की अर्थ बदलला. बाजारात अवचित कोणी भेटलं तर रन इन्टू किंवा रन अक्रॉस. गाडीखाली आलं तर रन ओव्हर. कृषी केंद्राची उधारी चढत गेली तर रन अप. एखाद्याला नावं ठेवली तर रन डाउन.

वाक्प्रचारांत माझा आवडता म्हणजे ‘रन ऑफ द मिल’. इथली मिल म्हणजे कापडाची. गिरणीतून जसा माल निघाला तसाच, प्रतवारी न लावलेला, तो रन ऑफ द मिल; पुढे त्याचा अर्थ झाला सर्वसाधारण, काही खास नसलेला. कापूस घेऊन केंद्रावर गेलेल्या माणसाला हे समजावून सांगायची गरज नाही. ग्रेडर बोटांनी धागा ओढून बघतो, ओलावा मोजतो, मग कुठं भाव फुटतो. घरच्या धंद्याला जोडलेला वाक्प्रचार डोक्यातून जात नाही. ‘रन विथ द हेअर अँड हंट विथ द हाउंड्स’ यात ससाही आहे अन् शिकारी कुत्रेही. आपल्याकडे त्याला दोन्ही डगरींवर हात ठेवणे म्हणतात. ग्रामपंचायतीच्या निवडणुकीत असा एखादा बहाद्दर प्रत्येक गावात सापडतो, त्याच्या नावानं लक्षात ठेवा. वहीत मात्र नाव लिहू नका, वही फिरते.

निवडणुकीचा विषय निघालाच आहे तर, अमेरिकन माणूस निवडणुकीला ‘रन’ करतो, ब्रिटिश ‘स्टँड’ करतो, आणि आपली इंग्रजी वर्तमानपत्रं बहुतेक ‘कॉन्टेस्ट’ लिहितात. तिन्ही बरोबर. पर्यायांत दिसले तर दचकू नका.

चूक शोधायच्या प्रश्नात रूपांकडे बघा: रन, रॅन, रन. तिसरं रूप पुन्हा पहिल्यासारखंच. ‘हॅज रॅन’ किंवा ‘हॅड रॅन’ दिसलं की पुढचं वाक्य वाचायचीही गरज नाही, तिथंच खूण करा आणि वाचलेला वेळ उताऱ्याला द्या.