सांख्यिकी आणि संभाव्यता: सूत्र पाठ असूनही गुण जातात? या चुका टाळा

दहावीच्या बीजगणितात ही दोन प्रकरणं म्हणजे हातचे गुण, असं सगळेच म्हणतात. आणि ४० गुणांच्या पेपरात माझ्या नौपाड्यातल्या क्लासची मुलं नेमके इथेच गुण सांडून येतात. सूत्रं तोंडपाठ असतात. चूक होते ती सूत्राच्या आधी, सारणी न वाचता आकडे कोंबताना. नाहीतर नंतर, आलेलं उत्तर शक्य तरी आहे का हे न बघता खाली रेघ मारताना.

एक सारणी घेऊ. समजा, घरून क्लासला यायला किती मिनिटं लागतात, हे ४० मुलांना विचारलं.

०–१० : ५ मुलं
१०–२० : १२
२०–३० : १५
३०–४० : ६
४०–५० : २

मध्यक: सीएफ (संचित वारंवारता) कुठली घ्यायची?

कळव्याहून येणाऱ्या एका मुलाने मध्यक काढला, १२.

"मध्यकाचा वर्ग कुठला धरलास?"

"२०–३०, टीचर."

"मग २०–३० मध्ये राहणारा माणूस १२ वर कसा सापडला?"

तो वहीकडे बघत राहिला, मग खोडरबर शोधायला लागला. त्याने संचित वारंवारता, म्हणजे त्या वर्गापर्यंतच्या मुलांची एकूण बेरीज, ३२ घेतली होती, म्हणजे मध्यकवर्गाचीच. घ्यायची असते त्याच्या आधीच्या वर्गाची, १७.

हे पाठ करू नका, रांग डोळ्यांसमोर आणा. स्टेशनबाहेर शेअर रिक्षाची रांग असते तशी ४० मुलं वेळेच्या क्रमाने उभी आहेत. आपल्याला विसावं मूल हवंय. २० मिनिटांच्या आत येणारी १७ मुलं होऊन गेली, अजून ३ पुढे सरकायचं. या वर्गात १५ मुलं १० मिनिटांत पसरलेली आहेत, म्हणून १० चे ३/१५, म्हणजे २ मिनिटं. उत्तर २२. सूत्र एवढंच सांगतं, फक्त अक्षरांत. ज्याला रांग दिसली त्याची सीएफ पुन्हा चुकत नाही, असा माझा अनुभव आहे. आणि मध्यक त्याच्या वर्गाबाहेर गेला, तर पुढचं गणित सोडा, आधी तिथे परत या.

मध्य: भागायचं कशाने?

वर्गमध्य गुणिले वारंवारता, बेरीज ८८०. इथे काही जण ५ ने भागतात, कारण ओळी पाच दिसतात. १७६ मिनिटं! एवढ्या वेळात मूल लोणावळ्याला जाऊन भजी खात बसेल. ओळी मोजायच्या नाहीत, मुलं मोजायची: ८८० भागिले ४०, उत्तर २२.

गृहीतमध्य पद्धतीत याच्या उलट गंमत होते. २५ गृहीत धरला, विचलनांचा (म्हणजे २५ पासूनच्या फरकांचा) मध्य उणे ३ आला, आणि तेच उत्तर म्हणून लिहिलं. क्लासला यायला उणे तीन मिनिटं? शेवटी २५ मिळवायचे राहिले, की झालं.

बहुलकात (सर्वांत जास्त वेळा येणारी किंमत) १५ लिहू नका. १५ ही मुलांची संख्या आहे. बहुलक मिनिटांत येतो, इथे २२.५.

वर्ग १०–१९, २०–२९ असे असलग (मध्ये फट असलेले) दिले असतील, तर मध्यक आणि बहुलकासाठी आधी ९.५–१९.५, १९.५–२९.५ करून घ्या. नाहीतर खालची मर्यादा २० धरली जाते आणि वर्गांतर ९. मध्य काढताना मात्र हे करायची गरज नाही, वर्गमध्य तोच राहतो. उगाच वेळ घालवू नका.

वृत्तालेखात २५ टक्के म्हणजे २५ अंश नव्हे, ९० अंश. सगळे कोन मिळून ३६० होतात का, बघा.

संभाव्यता: मोजण्यात घोळ

"लोकल लेट असेल किंवा नसेल, म्हणजे १/२ ना?" दरवर्षी कुणीतरी विचारतंच. ठाण्यात राहून हा प्रश्न पडावा, याचं मला हसू येतं! शक्यता दोन असल्या म्हणून त्या समसंभाव्य, म्हणजे सारख्याच संभवाच्या, होत नाहीत, आणि पुस्तकातलं सूत्र समसंभाव्य निष्पत्तींवरच चालतं.

दोन नाण्यांत हाच खड्डा आहे. मुलं लिहितात: दोन्ही छापा, दोन्ही काटा, एक-एक. तीन निष्पत्ती. निदान एक छापा येण्याची संभाव्यता मग २/३. लाजू नका, द'अलांबेरसारख्या मोठ्या फ्रेंच गणितीने १७५४ मध्ये विश्वकोशात छापून हेच २/३ उत्तर दिलं होतं. त्याची वाट थोडी वेगळी होती: पहिल्यालाच छापा आला तर खेळ संपला, म्हणून प्रकार तीनच. पण ते तीन समसंभाव्य नाहीत. एक नाणं रुपयाचं, दुसरं पाचाचं घ्या. रुपयावर छापा नि पाचावर काटा वेगळं, उलटं वेगळं. निष्पत्ती चार, उत्तर ३/४. दोन फाशांतही (१,६) आणि (६,१) दोन्ही मोजा. बेरीज ७ येण्याची संभाव्यता ६/३६.

पत्त्यांची गणितं चुकतात ती बहुधा पत्ते न खेळलेल्यांची. गणपतीच्या जागरणात कॅट हातात घेतलेलं मूल सांगतं, की चित्रं राजा, राणी, गुलाम एवढीच. एक्का त्यात नाही. म्हणून चित्रपत्ते १२, १६ नव्हेत. आई-बाबांनो, परीक्षेपुरता तरी घरात एक कॅट आणा.

राहिलं शून्य. ०, १, २, ३, ४ या अंकांपासून, अंक पुन्हा न वापरता, दोन अंकी संख्या किती? १६. मुलं २० लिहितात, कारण ०१, ०२, ०३, ०४ सुद्धा धरतात. मोबाइलच्या घड्याळात ०४ चालतं, नमुना अवकाशात (सगळ्या निष्पत्तींच्या यादीत) नाही.